निगेटिव्हचे पेढे

आमच्या पेणच्या घरात ‘उष्टं’ हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. माझी आई पापड करायची, आणि ते घरापुरते नव्हे, विकायला. गल्लीतल्या चार-पाच बायका दुपारी ओटीवर पोळपाट मांडून लाटायला बसत आणि आई त्यांच्या मागून फौजदारासारखी फिरत राही. आता पेणात जन्मलेल्या माणसाला पापडापेक्षा पापडाची लाटीच जास्त आवडते, कच्ची, तेलात बुडवून. पण आमच्याकडे लाटी खायची तर अंगणात जायचं, खायची, हात धुवायचे, चूळ भरायची आणि मगच ओटीवर पाय ठेवायचा. “परक्याच्या तोंडात जायचंय ते,” आई म्हणायची. “आपली लाळ त्यांना कशाला?”

हा कायदा पापडापुरता राहिला असता तर ठीक होतं. पण कायदा एकदा घरात शिरला की सगळ्या खोल्या फिरतो. प्रत्येकाचं ताट वेगळं, पेला वेगळा. भावाने एकदा माझ्या पेल्यातून पाणी प्यायलं तर आईने तो पेला राखेने तीनदा घासला, आणि घासायला मलाच बसवलं. शाळेत मैत्रिणी एकमेकींच्या डब्यात हात घालत, मी माझा डबा मांडीवर घेऊन टिटवीसारखी लांब बसायची. मला त्याचा अभिमानच वाटायचा. आपण स्वच्छ घरातले, हे लहानपणीच डोक्यात बसलेलं.

आणि लग्न होऊन पडले कुठे, तर रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, जिथे सगळं घर एका परातीत जेवायचं.

ती परात मी पहिल्यांदा पाहिली ते लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी. पाहुणे पांगले होते. नवरा धाटावच्या कंपनीतून पहिल्या शिफ्टवरून आला, हातपाय धुऊन बसला. सासूबाईंनी भली मोठी परात मध्ये ठेवली, तिच्यात भाताचा डोंगर, वर बोंबलांचं कालवण ओतलं, आणि सासरे, नवरा, नणंद, सगळ्यांचे हात एकदम आत. सासूबाई स्वतः मोठाले घास कालवून ज्याच्या तोंडाला येईल त्याच्या तोंडात देत होत्या. मी दारात उभी.

“ये गो, बस,” त्या म्हणाल्या. “लाजतेस काय? आपलीच तोंडं हायत.”

मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोट दुखलं. तिसऱ्या दिवशी नणंदेने माझ्यासाठी वेगळं ताट काढून, वर रुमाल घालून, हॉटेलातल्या वेटरसारखं आणून ठेवलं आणि म्हणाली, “पेणच्या मडमबाईंचं जेवण.” सगळे हसले, मीही हसले. चिडवत होते, पण त्यात विष नव्हतं. मात्र ते ताट पुढे वेगळंच राहिलं. मी ब्लाउज शिवते. शिलाई घेताना आतून थोडं कापड जादा सोडतात, पुढे अंग भरलं तर उसवायला. त्याला आम्ही ‘माया’ म्हणतो. त्या घरात मला सगळ्यांनी भरपूर माया सोडली होती. मीच अंग चोरून होते.

माझं पहिलं बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं. त्याबद्दल मला फार लिहिता येत नाही. एवढं आठवतं की माझ्याकडे तेव्हा एका गरोदर बाईचा ब्लाउज मोठा करायला आलेला होता आणि तो मी तशाच अवस्थेत बसून उसवला, कारण तिच्याकडे कार्यक्रम होता.

तेव्हाच्या डॉक्टरांनी एक रक्ततपासणी लिहून दिली. तिला टॉर्च टेस्ट म्हणतात. गरोदरपणात बाळाला बाधू शकणारे चार-पाच जंतू असतात, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं ते नाव. नवऱ्याने घरी येऊन सांगितलं तशा सासूबाई घाबऱ्या झाल्या.

“टॉर्च? म्हणजे पोटात बत्ती मारून बघतात?”

“नाय गो आई, रक्त घेतात फक्त.”

“मग बत्ती कशाला?”

त्या गेलेल्या बाळानंतर मी पहिल्यांदा हसले ते त्या बत्तीला. सासूबाईंना ते कळलं असावं, कारण पुढे आठवडाभर त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम “आमच्या सुनेला बत्ती मारायची हाय” असं सांगत राहिल्या.

रिपोर्ट फोनवर आला. नवरा खाटेवर बसून एकेक ओळ वाचत गेला. निगेटिव्ह. निगेटिव्ह. शेवटची ओळ होती सायटोमेगॅलोव्हायरस, तिचा उच्चार करताना त्याची जीभ तीनदा अडखळली. तीही निगेटिव्ह. डॉक्टरांनीही त्यावर नजर टाकून “छान, सगळं क्लिअर आहे” म्हटलं. संध्याकाळी नवरा रोह्याच्या बाजारातून पेढे घेऊन आला. घरात मूल गेलेलं आणि आम्ही पेढे खातोय, हे विचित्र होतं, पण आम्हाला काहीतरी गोड हवंच होतं. सासूबाईंनी शेजारच्या तीन घरांत वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “निगेटिव्हचे.” मी पेणला आईला फोन केला. आई म्हणाली, “असणारच. आमच्या घरचं रक्त आहे.”

कुणीही, अगदी कुणीही, त्या निगेटिव्हचा अर्थ आम्हाला सांगितला नाही.

पुढच्या वर्षी नणंदेला मुलगा झाला. ती नागोठण्याला दिलेली, पण बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे. मला वाटलं होतं मी त्या पोराकडे बघू शकणार नाही. पण तो चार महिने आमच्या घरात राहिला आणि त्याला माझ्याच खांद्यावर झोप लागायची. माझ्या सगळ्या गाउनांचे उजवे खांदे त्याच्या लाळेने पिवळे पडले होते. मशीनवर बसले की तो खाली चटईवर, वरून चिंध्या पडल्या की मुठीत धरून तोंडात घालायचा. तो नागोठण्याला परत गेला त्या दिवशी मी मशीनला हात लावला नाही आणि दुपारभर आडवी पडून राहिले.

त्याचं उष्टावण पुन्हा आमच्याकडे ठरलं. बाळाला पहिला अन्नाचा घास मामाने भरवायचा, आणि मामा म्हणजे माझा नवरा. त्याने अंगठी खिरीत बुडवून भाच्याच्या ओठांना लावली. पोराने आधी तोंड वाकडं केलं, मग चव कळली तशी मामाचं बोटच पकडून चोखायला लागला. वाटी त्याच्यापुढेच होती. त्याने त्यात हात घातला, हात तोंडात घातला, पुन्हा वाटीत घातला. सगळे कौतुकाने बघत होते.

मला तेव्हा दुसऱ्यांदा दिवस गेले होते. जेमतेम दीड महिना. नवऱ्याला आणि सासूबाईंनाच माहीत होतं.

सासूबाईंनी ती उरलेली वाटी उचलली आणि सरळ माझ्याकडे आल्या. त्यांच्या माहेरी, खाडीकाठच्या गावात, म्हणे अशीच रीत आहे. बाळाच्या उष्टावणाची उरलेली खीर जिला मूल हवंय तिने खायची. त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली आणि हळूच म्हणाल्या, “खा गो. लेकराचं उष्टं हाय, पदर भरतो.”

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. पेणची मडमबाई आता काय करते, असं नणंदेच्या चेहऱ्यावर होतं. वाटीत खीर पातळ झाली होती, लाळेची एक तार अजून कडेला चिकटलेली. माझ्या आईचा आवाज मला कानात ऐकू येत होता. आणि मी वाटी घेतली, तोंडाला लावली आणि संपवली. बोटाने पुसूनसुद्धा खाल्ली. नणंदेने टाळ्या वाजवल्या. त्या दुपारी मी पहिल्यांदा परातीला बसले, सासूबाईंनी पहिला घास माझ्या तोंडात दिला. मला इतकं बरं वाटत होतं की रडायला येत होतं. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि त्या घरची मी त्या दिवशी झाले.

पुढच्या महिन्यात मला ताप आला. फार नाही, अंग मोडून आलेलं, मानेच्या गाठी दुखत होत्या. या खेपेला मी पेणच्या डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलं होतं. त्या वयस्कर, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्या वेळचे कागद मागून घेतले, बराच वेळ बघितले आणि रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. या वेळी ती शेवटची, जीभ अडखळवणारी ओळ पॉझिटिव्ह आली, म्हणून आणखी एक तपासणी केली, जंतू अंगात जुना आहे की नुकताच आलाय ते सांगणारी. तिच्यासाठी रक्त मुंबईला जातं. निकाल ऐकायला गेलो तेव्हा नवऱ्याला शिफ्ट होती, म्हणून बरोबर सासूबाई आल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “नुकताच आलेला आहे.”

मग त्यांनी आम्हाला नीट समजावलं. हा जंतू आपल्याकडे बहुतेक सगळ्यांना लहानपणीच होऊन जातो. साधा सर्दीतापासारखा येतो, कुणाला पत्ताही लागत नाही. एकदा होऊन गेला की अंगाला त्याची ओळख राहते, आणि मग गरोदरपणात बाळाला धोका खूप कमी. ज्यांना कधीच झालेला नसतो त्यांना गरोदरपणात पहिल्यांदा झाला, तर तो बाळापर्यंत पोचायची भीती जास्त.

“पण मागे निगेटिव्ह होता,” मी म्हणाले. “आम्ही पेढे वाटले.”

त्यांनी चष्मा काढला. “त्या निगेटिव्हचा अर्थ एवढाच होता की तुम्हाला तो कधी झालेलाच नाही. म्हणजे अंगात संरक्षण नाही. तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं की जपून राहा.”

“जपून म्हणजे कसं?”

“लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत तो महिनोन् महिने असतो. लंगोट बदलला की हात साबणाने धुवायचे, पापा तोंडावर घ्यायचा नाही, त्यांचं उष्टं खायचं नाही.” मग त्यांनी सहज विचारलं, “घरात लहान मूल आहे का कुणी?”

माझ्या शेजारच्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती. “नणंदेचं असतं अधूनमधून,” मी म्हणाले.

“त्यातूनच आला असं नाही हं,” डॉक्टरीणबाई लगेच म्हणाल्या. “कुठूनही येतो. नवऱ्याकडूनही येऊ शकतो. कुणाला दोष देत बसू नका, ते कधीच कळत नाही.”

हे त्या चांगल्या मनाने बोलल्या. पण ज्या बाईने स्वतःच्या हाताने वाटी दिली तिला, आणि जिने पुसून खाल्ली तिला, हे सांगून काय उपयोग?

आम्ही परतीची एसटी धरली. नागोठण्याला गाडी थांबते. तिथे एरवी सासूबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर असायच्या. लेकीला आधी फोन केलेला असायचा आणि ती पोराला कडेवर घेऊन स्टँडवर उभी असायची, दोन मिनिटांसाठी. त्या दिवशीही ती उभी होती. पोराला लाल टोपडं घातलेलं होतं. सासूबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला आणि झोपेचं सोंग घेतलं. मीच खिडकीतून हात हलवला आणि “झोपल्यात” अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर सगळ्यांना वेगळी ताटं. परात दिसत नव्हती. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “जड व्हते ती उचलायला.” ती माळ्यावर गेली होती.

मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. रात्रंदिवस आला होता. पण राग नीट धरायला गेले की माझी आई मध्ये यायची. एका परातीत जेवलेल्या माझ्या नणंदेला हा जंतू रांगतानाच होऊन गेला असणार, म्हणूनच तिचा मुलगा ठणठणीत. आणि मला माझ्या आईने राखेने पेले घासून घासून त्याच्यापासून इतकं जपलं, की तो यायचा तो नेमका माझ्या पोटात बाळ असताना आला. एकीने कधी उष्टं दिलं नाही आणि एकीने प्रेमाने दिलं. कुणाला बोलणार होते मी?

आईला मी अर्धंच सांगितलं. जंतू लाळेतून आला, एवढं. ती फोनवर ओरडली, “तरी मी सांगत होते! त्या घरात सगळी एकमेकांच्या तोंडात तोंड घालतात!” दुसरं अर्धं, राखेने घासलेल्या पेल्यांचं, मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही. ते कळलं तर ती पुन्हा पापडाला हात लावणार नाही, एवढी मी तिला ओळखते.

मुंबईला जाऊन पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासलं. जंतू बाळापर्यंत पोचला होता. सोनोग्राफीत मात्र सगळं व्यवस्थित दिसत होतं, डोकं, हात, पाय. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रस्ते सांगितले, ठेवायचं किंवा मोकळं व्हायचं. पुष्कळ बाळं चांगली निपजतात, काहींना पुढे त्रास होतो, बहुतेकदा कानाला. आधी सांगता येत नाही. नवरा म्हणाला, “तू म्हणशील ते.” मी रात्रंदिवस विचार केला असं लिहायला हवं, पण तसं झालं नाही. बाळ पोटात हलायला लागलं होतं. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. माझा ब्लाउज उसवायला घेतला, आतली सगळी माया संपेपर्यंत उसवला.

मुलगी झाली. गोरी, वजनाला थोडी कमी, केस कानावर आलेले. तिच्या लघवीत जंतू सापडला. मग कानाची तपासणी झाली, मशीन लावून. ती पास झाली नाही. कानात पाणी असेल, पुन्हा करू, असं म्हणाले. पुन्हा केली.

तो निकाल घेऊन आम्ही घरी आलो. सासूबाईंनी ऐकून घेतलं, बाळाला माझ्याकडून घेतलं, पाळण्यात निजवलं. मग स्टूल लावून, या वयात, माळ्यावर चढल्या आणि परात खाली काढली. तिच्यावर धूळ बसली होती, ती पदराने पुसली. “मशीनला काय कळतंय,” त्या म्हणाल्या, आणि पाळण्याच्या मागे उभं राहून त्यांनी कालथ्याने परात वाजवली.

शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. बाळ झोपलेलं होतं. त्यांनी पुन्हा वाजवली, आणखी जोरात, मग वाजवतच राहिल्या. बाळाची पापणी लवली नाही. शेवटी नवऱ्याने त्यांच्या हातातून कालथा काढून घेतला. त्या परात तशीच छातीशी धरून खाली बसल्या. मला तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन बसायचं होतं. मी गेले नाही. मला वाटतं मी बाळाचं दुपटं सारखं करत होते.

पुढचे सहा महिने औषध. ते रक्तावर परिणाम करतं, म्हणून सारखं रक्त तपासायचं. आता रक्त तिचं. तिच्या एवढ्याशा हातात शीर सापडेना, आणि ती रडली की तिचा आवाज सगळ्यांना ऐकू यायचा, तिला सोडून.

आता ती दीड वर्षाची आहे. दोन्ही कानांत मशीन आहे, ती काढून फेकण्यात ती पटाईत आहे. मोठे आवाज कळतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की तिच्या लाळेत तो जंतू अजून बरीच वर्षं असू शकतो. मला तो होऊन गेलाय, म्हणून आता त्याची भीती नाही, पण गरोदर बायकांनी तिला जपून घ्यावं, नंतर हात धुवावेत, घाबरायचं कारण नाही. आमच्याकडे मापं द्यायला येणाऱ्या बायकांमध्ये गरोदर असतातच. मी त्यांना सांगते. काही जणी दुसरीकडे शिवायला टाकतात.

गेल्या महिन्यात नणंद आली. तिला पुन्हा दिवस गेलेत. दुपारी आम्ही जेवायला बसलो, आपापली ताटं घेऊन. माझी मुलगी मशीन काढून टाकून सगळ्यांमध्ये फिरत होती. हातात गूळपोळीचा तुकडा, चघळून चघळून लगदा झालेला. तिला सध्या भरवायचं वेड आहे. ती आत्याकडे गेली आणि तुकडा तिच्या तोंडापुढे धरला.

नणंद पटकन मागे सरकली. तिने तिच्या मुलालाही मागे ओढलं. “वहिनी, हिला जरा लांब ठेव गो,” ती म्हणाली. “राग मानू नको. आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय, हिचं उष्टंबिष्टं नको. हिच्या अंगात ते हाय ना.”

तिचं काही चुकलं नव्हतं. मीच तिला हेच सांगणार होते. पण ते ऐकल्यावर माझ्या घशाशी काय काय आलं ते मला माहीत. लाल टोपडं, वाटी, टाळ्या. एक वाक्य पुरलं असतं. मी पाण्याचा पेला उचलला आणि प्यायले.

मुलगी हात पुढे करून तशीच उभी होती. तिला ऐकू आलं नव्हतं, आणि आत्या मागे का सरकली ते कळत नव्हतं. ती आजीकडे वळली.

सासूबाईंनी पेणहून निकाल घेऊन परतलो त्या दिवसापासून घरात कुणाचं उष्टं कुणाला दिलं नव्हतं, स्वतःही खाल्लं नव्हतं. त्यांनी आपलं ताट बाजूला सरकवलं, नातीला मांडीवर घेतलं आणि तोंड उघडलं. तिने तो तुकडा त्यांच्या तोंडात कोंबला. त्या चावत राहिल्या, डोळ्यांतून पाणी नातीच्या केसांत पडत होतं.

“दे बाय,” त्या तिला म्हणाल्या. “माझंच हाय ते. मीच दिलेलं.”

“काय बोलतेस गो आई?” नणंदेने विचारलं.

“काय नाय. तू जेव.”

नातीच्या मुठीत थोडा लगदा उरला होता. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं आणि ती मूठ हळूच माझ्याकडे वळवली. उष्टावणाच्या दिवशी मी वाटी घेईन की नाही असं बघत होत्या, तशाच आता बघत होत्या. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी कसं तोंड उघडायचं ते मला दाखवण्यासाठी तिने स्वतःचं तोंड मोठं उघडलं.

मी तोंड उघडलं.